ईसीएम विकत घेण्याआधी मल्टीमीटर लावा

पत्राचा गोषवारा: वाईजवळच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांच्या वडिलांकडे 2003 सालची पेट्रोल जिप्सी आहे, एमपीएफआय इंजिनाची, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनाची. शेतावर जायला आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायला घरात हीच गाडी. मागच्या पावसाळ्यात उंदरांनी इंजिनाची वायरिंग कुरतडली. घरच्या गाड्यांचं काम वर्षानुवर्षं बघणाऱ्या वायरमनकाकांनी कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारातून दुसऱ्या जिप्सीची वायरिंग मागवून बसवली. गाडी सुरू झाली, पण तेव्हापासून तक्रारी संपत नाहीत. बॅटरीचा दिवा अंधुक पेटलेला राहतो. हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर सरकतो. दोन रात्री गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. कधी सेल्फ नुसता ‘टक’ करून थांबतो. चेक लाइट जात नाही, ॲव्हरेज पडलं आहे आणि धूर काळा येतो. काकांचं म्हणणं, ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, गेला, दुसरा घ्यावा लागेल. मेहुणे म्हणतात, गाडी विकून मोकळे व्हा. वडिलांचा काकांवर पूर्ण विश्वास आहे. ताईंचा प्रश्न: ईसीएम घ्यायचा का, आणि काकांना न दुखवता गाडी दुसरीकडे दाखवायची कशी?

ताई, नमस्कार.

आधी प्रश्नाचं सरळ उत्तर देते. ईसीएम आत्ता घेऊ नका. तो गेलेला नाहीच, असं इथे बसून मला म्हणता येणार नाही. कुरतडलेल्या तारा एकमेकींना चिकटून ईसीएमला इजा होऊ शकते. पण तुमच्या सविस्तर पत्रात कुणी काही मोजल्याचा एकही उल्लेख नाही. आणि न मोजता ईसीएम बदलण्यात मोठा धोका आहे: वायरिंगमध्ये कुठे शॉर्ट असेल आणि त्यानेच जुना ईसीएम जळला असेल, तर तोच शॉर्ट नवाही जाळेल.

तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय, “वायरिंग तर नवीनच टाकली, त्यामुळे दोष तिथे नसणार.” इथे जरा थांबू या. ती वायरिंग नवी नाही. ती दुसऱ्या जिप्सीच्या इंजिनाजवळ कित्येक वर्षं तापून, भिजून निघालेली आहे. ती गाडी का मोडीत निघाली, तिची वायरिंग कापून काढली की कपलर (तारा जोडणारे प्लग) नीट सोडवून काढली, हे आपल्याला ठाऊक नाही. आणि तुमच्या एकूण एक तक्रारी वायरिंग बदलल्यानंतरच्या आहेत. गाडीत ज्या गोष्टीला शेवटचा हात लागला, तिथूनच शोध सुरू करायचा, हा या कामातला सगळ्यात भरवशाचा नियम आहे.

दुसरं असं की ‘जिप्सीची वायरिंग’ म्हणजे एकच वस्तू नव्हे. जिप्सी 1985 पासून 2019 पर्यंत बनत होती. सुरुवातीची इंजिनं कार्ब्युरेटरची, एमपीएफआय आलं 2000 साली. पुढे प्रदूषणाचे नियम बदलत गेले, मोठ्या शहरांत 2005 ला भारत स्टेज तीन आणि 2010 ला चार. अशा बदलांबरोबर सेन्सर, ईसीएम आणि त्याच्या कपलरमधल्या पिनांची मांडणीही बदलू शकते. कपलर खट्टकन बसला म्हणजे आतली प्रत्येक तार योग्य पिनेत आहे, असं मुळीच नाही. म्हणून पहिलं काम पैशाचं नाही. काकांना विचारा, कुरतडलेली जुनी वायरिंग ठेवली आहे का? भंगारात गेली नसेल, तर ती सोन्यासारखी जपा. तुमच्या गाडीचा सगळ्यात खात्रीचा नकाशा तोच आहे. जुनी आणि आत्ताची, दोन्हींचे कपलर शेजारी धरून प्रत्येक पीन जुळवून बघायची: जुनीत तार आहे आणि हिच्यात जागा रिकामी, किंवा उलट, असं कुठे आहे का? तारेच्या रंगावर मात्र विसंबू नका. जुन्या वायरिंगला मधे कुणीतरी हाताला लागली त्या रंगाची तार जोडलेली असते.

जुनी वायरिंग मिळाली नाही, तर ईसीएमवरचा नंबर आणि गाडीचं वर्ष घेऊन त्याच सालच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला वायरिंगचा नकाशा मिळवा. इंटरनेटवर परदेशातल्या सुझुकी सामुराईचे नकाशे भरपूर मिळतात. गाडी जिप्सीच्या नात्यातली असली, तरी ते तुमच्या इंजिनाला लावू नका.

आता तक्रारींकडे येऊ. एकदम पाच-सहा गोष्टी बिघडल्या की माणूस घाबरतो. माझा अनुभव उलटा आहे: एकाच दिवसापासून पाच तक्रारी सुरू झाल्या, तर बिघाड बहुधा एक किंवा दोनच असतात. तुमच्या पत्रातली सर्वांत बोलकी ओळ ही आहे की हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा सरकतो. हेडलाइटने इंजिन गरम होत नाही. काटा हलतो, कारण विजेचा परतीचा रस्ता, म्हणजे अर्थिंग, कुठेतरी कच्चं आहे.

हिशेब करून बघा. दोन हेडलाइट, प्रत्येकी 55 वॅटचे, मिळून साधारण 9 अँपिअर करंट घेतात. हा सगळा करंट बॉडीतून, तिथल्या अर्थच्या तारेतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायला हवा. त्या जोडात गंज किंवा रंगाच्या थराने ओहमचा फक्त दहावा भाग इतका अडथळा आला, तरी तिथे जवळपास 0.9 व्होल्ट अडकतात. ज्या मीटरचा आणि सेन्सरचा ‘शून्य’ बॉडीवर ठरलेला आहे, त्यांचा शून्यच वर सरकतो. मग काटा खोटं बोलतो. ऑक्सिजन सेन्सरचा सगळा संकेत जेमतेम शून्य ते एक व्होल्टमधला. त्यात अशी भेसळ झाली तर ईसीएम पेट्रोलचं प्रमाण चुकवणारच. यात ईसीएमचा काय दोष?

वायरिंग बदलताना इंजिनाच्या ब्लॉकवरचे, इनटेक मॅनिफोल्डवरचे, बॉडीवरचे अर्थचे बोल्ट सोडावे लागतात. परत बसवताना एखादं थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, राहून जातं, रंगावरच आवळलं जातं किंवा दुसऱ्याच बोल्टला लागतं. दिसायला सगळं ठीक असतं. म्हणून डोळ्यांनी बघून भागत नाही.

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, डीसी 20 व्होल्टवर ठेवा. काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच टेकवा, क्लँपवर नको. लाल सळई इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2, फार तर 0.3 व्होल्टपर्यंत असावा. त्याच्या वर गेला, तर बॅटरीपासून इंजिनापर्यंतची अर्थिंग कच्ची आहे, आणि सेल्फच्या ‘टक’चं कारणही तिथेच असू शकतं. मग लाल सळई बॉडीच्या धातूवर ठेवून, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर लावून मोजा. इथे 0.1 च्या आसपास आकडा हवा. ही दोन मापं घ्यायला फार वेळ लागत नाही, आणि ईसीएमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

दोष निघालाच तर थिंबल काढा, खालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा आणि वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून मग आवळायची सवय अनेकांना आहे, ती सोडायला हवी.

आता दुसरा संशयित. बॅटरीचा अंधुक दिवा आणि दोन रात्रींत उतरणारी बॅटरी ही जोडी मला अर्थिंगपेक्षा वेगळी वाटते. त्या दिव्याचं एक टोक चावीतून येणाऱ्या करंटवर आणि दुसरं अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर, असतं. चार्जिंग नीट असेल तर दोन्हीकडे सारखेच व्होल्ट, म्हणून दिवा विझतो. अंधुक पेटतो, म्हणजे दोन टोकांत थोडा फरक उरला आहे. तो चावीकडून येणाऱ्या तारेतल्या कच्च्या जोडामुळे असेल, अल्टरनेटरच्या जाड तारेचा नट ढिला असल्यामुळे असेल किंवा अल्टरनेटरमधला एखादा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, गेल्यामुळे असेल. आणि डायोड गेलेला असेल, तर उभ्या गाडीतही त्यातून करंट उलटा झिरपत राहतो आणि बॅटरी उतरते. एका डायोडने दोन्ही तक्रारी सुटतात.

हेही मोजता येतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 मिळायला हवेत. मग मीटर एसी व्होल्टवर टाका आणि चालू इंजिनावर बॅटरीच्या दोन्ही खांबांवर बघा. 0.1 च्या खाली असेल तर डायोड ठीक आहेत, 0.5 च्या पुढे गेला तर अल्टरनेटर उघडून डायोड प्लेट तपासायला द्या. वायरिंगशी संबंध नसलेला हा बिघाड नेमका त्याच काळात कसा आला, असं वाटेल. अल्टरनेटर फिरत असताना बॅटरीची तार काढली, किंवा केबल लावताना उलटी टेकली, तर डायोड जातात. काकांना शांतपणे विचारून बघा, असं काही झालं होतं का. आरोप म्हणून नाही, शोध सोपा व्हावा म्हणून.

बॅटरी उतरण्याचं मूळ डायोडमध्ये नाही निघालं, तर मीटर 10 अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीचा निगेटिव्ह आणि त्याची केबल यांच्यामध्ये जोडा. चावी बंद, दारं बंद, टेप बंद. एवढ्या जुन्या गाडीत 50 मिलीअँपिअरच्या आत आकडा असायला हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा एकदम पडेल, त्या लाइनीत चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र चुकूनही मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जाईल.

काळा धूर आणि पडलेलं ॲव्हरेज यांवर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ‘ईसीएम गेला’ हे निदान बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. इंजिनाच्या पाण्यात दोन वेगळे सेन्सर असतात. एका तारेचा काट्यासाठी, दोन तारांचा ईसीएमसाठी. दोन तारांच्या सेन्सरचा अडथळा पाणी 20 अंशांवर असताना साधारण अडीच हजार ओहम असतो, 60 ला सहाशेच्या जवळ आणि 80 ला तीनशेच्या आसपास. म्हणजे गरम होईल तसा तो कमी होतो. आता त्या सेन्सरकडे जाणारी तार कुणी पीळ मारून, टेप गुंडाळून जोडली असेल आणि त्या जोडात पावसाचं पाणी शिरून हिरवट थर धरला असेल, तर तिथे तीनशे ओहमची भर पडू शकते. इंजिन 80 अंशांवर असूनही ईसीएमला सहाशे ओहम दिसतात आणि तो समजतो, इंजिन अजून 60 वरच आहे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, म्हणून तो सोडत राहतो. काळा धूर येतो, ॲव्हरेज पडतं. ईसीएम मिळालेल्या माहितीप्रमाणे अगदी बरोबर वागतो आहे आणि शिक्षा मात्र त्यालाच.

हे तपासायला बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, ईसीएमचा कपलर काढा आणि कपलरच्या बाजूने, या सेन्सरच्या तारा येतात त्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. मग सेन्सरचा कपलर काढून थेट सेन्सरवर मोजा. दोन आकडे सारखेच हवेत. फरक असेल तेवढा तारेत आहे.

मग ईसीएम खरंच गेलाय हे कधी म्हणायचं? त्याला 12 व्होल्टचा पुरवठा नीट पोचतो, त्याच्या सगळ्या अर्थ पिना पक्क्या आहेत आणि तरीही सेन्सरांना जाणारे 5 व्होल्ट तो देत नाही, तेव्हा. पण त्यातही एक पायरी आहे. त्या 5 व्होल्टवर चालणारे सेन्सर एकेक करून काढून बघा. कपलर काढण्याआधी दर वेळी चावी बंद. एखादा काढल्यावर 5 व्होल्ट परत आले, तर दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. सगळे काढले, तारांत शॉर्ट नाही याची खात्री केली, तरी 5 व्होल्ट नाहीत, तर मग मी स्वतः सांगेन, ईसीएम बघा. हे सगळं करताना बल्बचा टेस्ट लॅम्प ईसीएमच्या पिनांना लावू देऊ नका. तो बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा काही पिनांना सोसत नाही, आणि बऱ्या ईसीएमलाही इजा होते. मीटरच वापरायचा.

चेक लाइटचा कोड वाचून घ्यायलाही हवा. तुमच्या सालच्या गाडीला हल्लीचा 16 पिनांचा स्कॅनर लागेलच असं नाही. त्या काळच्या अनेक सुझुकी बनावटीच्या गाड्यांत निदानाच्या कपलरमधल्या ठरावीक दोन पिना जोडल्या की चेक लाइटच लुकलुकून कोड सांगतो. कोणत्या दोन, ते तुमच्या सालच्या मॅन्युअलमध्ये बघूनच करा. अंदाजाने पिना जोडू नका.

आता काकांचं. पत्रात तुम्ही दोनच शक्यता धरल्या आहेत: काका बरोबर आहेत किंवा ते फसवत आहेत. मला तिसरी दिसते. काका प्रामाणिक आहेत आणि त्यांचा हात ज्या गाड्यांवर बसला त्या वेगळ्या होत्या. पद्मिनी, कार्ब्युरेटरवाली मारुती 800, साध्या पंपाची डिझेल जीप, यांत करंट पोचला की काम झालं. टेस्ट लॅम्प पेटला, तार चांगली. एमपीएफआयमध्ये तार ‘चालू’ असून भागत नाही, ती मोजून चांगली असावी लागते. हा माणसाच्या हेतूचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे. म्हणून त्यांना “तुमचं चुकलं” म्हणू नका. “काका, ईसीएम महागाचा आहे, घेण्याआधी एवढी मापं माझ्यासमोर घेऊ या, मी लिहून ठेवते,” असं म्हणा. मीटर तुम्ही धरा, सेल्फ त्यांना मारू द्या. वडिलांनाही शेजारी उभं करा. त्यांचा विश्वास मोडायची गरज नाही, तो आकड्यांवर तपासला जाऊ द्या.

काकांनी ऐकलं तर उत्तम, कारण ही वायरिंग त्यांनीच बसवली आहे आणि कोणता जोड कुठे मारला हे त्यांनाच आठवेल. त्यांनी नकार दिला, किंवा मापं घेऊनही उलगडा झाला नाही, तर साताऱ्यात किंवा पुण्यात एमपीएफआयचंच काम करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन शोधा. त्याला पहिला प्रश्न हा विचारा: “तुमच्याकडे या सालचा नकाशा आहे का?” गाडी न बघता जो ईसीएमचा भाव सांगेल, तिथून परत या. जाताना लिहिलेले आकडे आणि जुनी वायरिंग बरोबर न्या. काकांपासून लपवूनही नेऊ नका. लहान गावात ते कळतंच, आणि मग दुखावणं दुप्पट होतं.

कुर्ल्याची वायरिंग वेगळ्या सालची निघाली, तर ती ठोकून-ठाकून जुळवत बसू नका. तुमची जुनी वायरिंग दुरुस्त करणं बऱ्याचदा जास्त शहाणपणाचं ठरतं. उंदीर सगळी वायरिंग खात नाहीत. काही फूट खातात. तेवढ्या तारा त्याच जाडीच्या ऑटो वायरने, क्रिंप करून आणि हीट श्रिंक नळी चढवून बदलता येतात. घराच्या वायरिंगची साधी पीव्हीसी तार मात्र नको. ती 70 अंशांपर्यंतची असते, आणि इंजिनातलं पाणीच 90 च्या घरात असतं.

गाडी विकण्याबद्दल: तो निर्णय तुमच्या घराचा आहे, आणि मेहुण्यांचं म्हणणं वाईट नाही. पण बिघडलेल्या अवस्थेत विकलीत तर घेणाराही ‘ईसीएम गेलाय’ म्हणूनच भाव पाडेल. आधी मोजा, मग ठरवा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट. जुन्या पद्मिनीत किंवा जीपमध्ये इंजिन उतरवून बसवल्यानंतर इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी लावायची राहिली, तर सेल्फचा प्रचंड करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापते, कधी अडकते. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर गाडी तिथेच बंद करा आणि पट्टी शोधा. उंदरांचा त्रास असलेल्यांनी पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून बघावं. गवताचं किंवा चिंध्यांचं घरटं दिसलं, तर तारा तपासल्याशिवाय सेल्फ मारू नये.

आणि ताई, एक गोष्ट आजच करा. फ्यूज बॉक्स उघडा. वारंवार जातो म्हणून कुणी मोठ्या अँपिअरचा फ्यूज टाकला असेल किंवा फ्यूजच्या जागी तार पिळली असेल, तर ती काढून झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज घाला. आग लागते ती अशा जागी. अर्थिंगची मापं होईपर्यंत रात्रीचा पसरणी घाट टाळा, आणि गाडी घराला किंवा गोठ्याला लागून उभी करू नका. रात्री बॅटरीचा निगेटिव्ह सोडून ठेवा, म्हणजे बॅटरीही उतरणार नाही. मापं झाली की आकडे, ईसीएमवरचा नंबर आणि चेक लाइटचा कोड कळवा. त्यावरून पुढचं सांगते.